लेट्यूसच्या दुपारी

आमच्या घरात मागच्या बाजूला एक छोटी खोली आहे. तिच्यात कॉट टाकली तर दार उघडत नाही आणि दार उघडायचं ठरवलं तर कॉट मावत नाही. त्यामुळे ती वर्षानुवर्षं कुणाचीच नव्हती. शेवटी ती सासूबाईंना द्यायची असं ठरलं. त्या कपडे शिवतात, उसवलेलं दुरुस्त करून देतात. त्यांचं शिलाई मशीन बोळात असतं आणि घरातल्या प्रत्येकाच्या गुडघ्याला त्या मशीनचा कोपरा नीट ओळखीचा आहे. खोलीतली अडगळ निघाली, फरशी पुसून झाली, आणि मशीन हलवायच्या आदल्या दिवशी माझ्या नवऱ्यानं मोबाइलवर मातीशिवाय लेट्यूस वाढवणाऱ्या एका माणसाचा व्हिडिओ पाहिला.

"आई, फक्त एक पीक," तो म्हणाला. "एकदा काढून बघू दे."

"आणि मग?"

"मग तूच ठरव. पीक आलं की रविवारी ताईला जेवायला बोलावू. तू पान खाऊन सांग. चांगलं म्हणालीस तर खोली लेट्यूसची. नाही म्हणालीस तर त्याच संध्याकाळी सगळं उतरवतो आणि मशीन मी स्वतः उचलून आत ठेवतो."

"ठरलं," सासूबाई म्हणाल्या, आणि मला नवऱ्याची दया आली. खाण्याच्या बाबतीत सासूबाई कुणाची भीड ठेवत नाहीत. माझ्या कामावरच्या वरिष्ठ बाई एकदा घरी आल्या होत्या, स्वतः केलेला केक घेऊन. सासूबाईंनी एक घास खाल्ला, नीट विचार केला आणि विचारलं, "याला वास छान आहे. खातात पण का?"

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. व्हिडिओतल्या माणसानं पाइप आडवे मांडले होते. नवऱ्याला आडव्या गोष्टींवर विश्वास नाही. त्यानं पाइप उभे केले, ते छतापर्यंत नेले, त्यांना भोकं पाडली आणि प्रत्येक भोकात जाळीची वाटी बसवली. खाली टाकी, टाकीत खताचं पाणी, पाण्यात पंप. पंप पाणी वर चढवायचा आणि ते प्रत्येक वाटीतल्या मुळांना ओलं करत खाली यायचं. वर जांभळा दिवा. पहिल्यांदा सगळं सुरू केलं तेव्हा समोरच्या इमारतीतल्या एका काकूंनी खिडकीतून हात करून विचारलं, "काही झालंय का घरात?"

"लेट्यूस!" नवरा ओरडला.

"लवकर बरं वाटू दे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

मी रंगांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. लेट्यूसबद्दल मला काही कळत नाही, पण पीएच मोजणं रोजचंच आहे. पाण्याचा पीएच सात असला की ते मधलं. सातच्या खाली गेलं की आंबट बाजूला, वर गेलं की साबणाच्या बाजूला. लेट्यूसला थोडं आंबट पाणी लागतं, पाच पूर्णांक आठच्या आसपास, तरच त्याच्या मुळांना पाण्यातलं लोह घेता येतं. हे मी नवऱ्याला एकदा सांगितलं. त्यानं ते दाढी करताना, जेवताना आणि फोनवर ताईला सांगितलं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी तो टाकीजवळ बसायचा, मीटर पाण्यात धरायचा आणि ड्रॉपरनं आम्लाचे थेंब सोडायचा. इतक्या मायेनं त्यानं मला कधी औषध पाजलेलं नाही.

रोपं वर आली. कोवळी, पोपटी, एकसारखी. नवरा दारात उभा राहून त्यांच्याकडे बघायचा. आणि मग, पानं तळहाताएवढी झाली तेव्हा, ती पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, कडा जळाल्यासारख्या. संध्याकाळी त्यानं मीटर धरलं.

"सात पूर्णांक चार!" तो खोलीतून ओरडला. "सकाळी मी पाच पूर्णांक आठवर सोडलंय!"

"मीटर बिघडलं असेल," मी म्हणाले आणि कारखान्यातून प्रमाणित द्रावण आणून मीटर तपासलं. मीटर ठणठणीत होतं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा सात पूर्णांक चार. तिसऱ्या संध्याकाळीही.

नवरा स्वयंपाकघरात गेला आणि खाण्याच्या सोड्याचा डबा घेऊन बाहेर आला. डबा जवळजवळ रिकामा होता. सोडा पाण्यात घातला की पीएच चढतो, हेही दुर्दैवानं मीच त्याला सांगितलं होतं.

"हा डबा भरलेला होता," तो म्हणाला.

"मागच्या आठवड्यात मीच नवा भरला," सासूबाई बोळातून म्हणाल्या. त्या एका पँटची झिप बदलत होत्या.

"मग संपला कसा?"

"वापरला की संपतो. डब्यांची तीच पद्धत असते."

"आई, दुपारी घरी कोण असतं?"

मशीन थांबलं. "मी असते. तुझे बाबा असतात."

"बाबा काय सोडा घालणार आहेत? आणि खोली कुणाला हवी आहे?"

मी नवऱ्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी उलट्या बाजूनं शिवून आणलेला सदरा बघतं.

"मला खोली हवी असती," त्या शांतपणे म्हणाल्या, "तर मी कात्री घेऊन आत गेले असते. सोडा कशाला घालू? मला तेवढा वेळ आहे का?"

त्यानंतर त्या त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. म्हणजे बोलायच्या, पण माझ्यामार्फत. "त्याला सांग, पोळी गार होतेय." तो समोरच बसलेला असायचा. "तिला सांग, मला भूक नाही," तो म्हणायचा आणि पोळी खायचा. सासरे दोघांच्या मधे बसून इमानदारीत जेवायचे. मधूनच "पाणी पिऊन घ्या रे," म्हणायचे.

सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. ते निवृत्तीपर्यंत पोहण्याच्या तलावावर पाणी राखायचे. पाणी स्वच्छ आहे का, क्लोरीन किती, पीएच किती, कुणी काठावरून पळतंय का, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर राखायला काही उरलं नाही, म्हणून ते सासूबाईंना राखायला लागले. त्या स्वयंपाकघरात गेल्या की हे दारात. "गॅस मोठा आहे." "फरशी ओली आहे, सावकाश." त्या मशीनवर बसल्या की हे शेजारी खुर्ची टाकून बसत. "दोरा सैल सुटतोय का गं?" सासूबाईंनी आयुष्यभर मशीन चालवलंय. सासऱ्यांनी आयुष्यात बटण लावलेलं नाही.

नवऱ्याचा संशय मात्र आईवरून हटेना. त्यानं कामावरून एका जुन्या लिफ्टचं बोलणारं यंत्र आणलं आणि खोलीच्या दाराला बसवलं. दार उघडलं की एक गोड आवाजाची बाई म्हणायची, "कृपया दरवाजापासून दूर राहा."

"आत जाणारा दचकला पाहिजे," नवरा मला म्हणाला.

"तूच तीनदा दचकलास."

"म्हणजे चालतंय."

संध्याकाळी पाणी पुन्हा सात पूर्णांक चार. मला आता वेगळंच वाटायला लागलं होतं. खोडी काढणारा माणूस सोडा ओततो आणि निघून जातो. कधी आकडा साताच्या खाली राहील, कधी आठला जाईल. रोज नेमका एकच आकडा आणायचा तर थोडा थोडा सोडा घालत, ढवळत, मोजत बसावं लागतं. ही खोडी नव्हती. कुणीतरी या पाण्याची काळजी घेत होतं.

रविवार जवळ आला होता. नवरा रोपांसमोर उभा राहून आता बघायचा नाही, नुसता सुस्कारे टाकायचा. हे पीक गेलं तर खोली जाणार, आणि खोली गेली तर पुन्हा कुणी देणार नाही, हे त्याला कळत होतं. चाळिशीच्या माणसानं पहिल्यांदाच काहीतरी स्वतःच्या हौशीनं केलं होतं. मला त्याचं वाईट वाटत होतं. सासूबाईंचंही वाटत होतं. बोळात त्या मशीनसमोर अंग चोरून बसायच्या.

शुक्रवारी कारखान्यात वीज गेली आणि आम्हाला दुपारीच घरी सोडलं. मी कुलूप उघडून आत आले तेव्हा घरात कुणीतरी बोलत होतं.

"कृपया दरवाजापासून दूर राहा," गोड आवाजाची बाई म्हणाली.

"हो हो, बाई, राहतो," सासरे म्हणाले.

मी बोळातून डोकावले. सासरे छोट्या खोलीत टाकीजवळ स्टुलावर बसले होते. अंगात तलावावरचा जुना पांढरा गणवेश, गळ्यात शिट्टी. एका हातात चहाची गाळणी होती आणि तिनं ते पाण्यावरचा एकेक कण टिपत होते. मांडीवर सोड्याचा डबा. चिमूटभर सोडा घालायचे, लाकडी पळीनं ढवळायचे, नवऱ्याचं मीटर बुडवायचे, डोळे बारीक करून आकडा वाचायचे. वरच्या एका वाटीतलं पान दुसऱ्या रोपावर कललं होतं. सासऱ्यांनी हळूच शिट्टी वाजवली आणि ते पान बाजूला केलं.

मी तशीच मागे सरले आणि स्वयंपाकघरात गेले. सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या, पाय दुसऱ्या खुर्चीवर. शेजारी चहाचा कप, मांडीवर रेडिओ, आवाज अगदी बारीक. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"चहा घे," त्या कुजबुजल्या. "पण कपाचा आवाज करू नकोस."

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत? तो तुम्हाला नाही नाही ते बोलला."

"बोलू दे. मुलगा आहे, पाय धरेल उद्या." त्यांनी माझ्यासाठी कपात चहा ओतला, थेंबाचाही आवाज न करता. "तुला सांगते, हे निवृत्त झाल्यापासून मी एकटी बसले नव्हते गं. एक मिनिट नाही. कांदा चिरते तर म्हणतात बोटं आत घे. झोपते तर म्हणतात कुशीवर झोप. न्हाणीघराच्या दाराबाहेर उभे राहून विचारतात, पाणी फार गरम नाही ना? माणूस वाईट नाही. पण माझा तलाव केलाय त्यांनी. आणि मग ती टाकी आली. दुपारी जेवले की गणवेश चढवतात आणि आत जातात ते चहालाच बाहेर येतात."

"म्हणून सोड्याचा डबा तुम्ही भरत होतात."

"मग काय करू? सोडा संपला तर शोधत स्वयंपाकघरात येतील ना. आणि त्याला यातलं काही सांगणार नाहीस, वचन दे."

मी चहा पिऊन छोट्या खोलीत गेले. दारावरच्या बाई बोलल्या. सासऱ्यांनी गाळणी मागे लपवली, मग मी आहे हे पाहून पुढे आणली.

"बाबा, हे पाणी पाच पूर्णांक आठ लागतं. थोडं आंबट."

"पाहिलं मी," ते गंभीरपणे म्हणाले. "रोज सकाळी कुणीतरी खराब करून ठेवतं. पाच पूर्णांक आठ! अशा पाण्यात पोरं उतरवायची? डोळे चुरचुरतात."

"बाबा, त्यांना डोळे नाहीत."

"कातडी तर आहे? बघ कशी पिवळी पडलीत. मी नसतो तर काय झालं असतं याची कल्पना आहे का तुला?"

"पण बाबा, सोड्यामुळेच—"

"क्लोरीन मी घातलेलं नाही हां," त्यांनी मला थांबवलं. "मुळांना चटका बसेल. तेवढं मला कळतं."

त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की पुढचं रसायनशास्त्र माझ्या तोंडातच राहिलं. रोज सकाळी आम्ल, रोज दुपारी सोडा, दोघं एकमेकांना संपवून मागे नुसतं मीठ ठेवत होते. टाकीत एव्हाना छोटा समुद्र झाला असणार. रविवारपर्यंत काही सुधारणं शक्य नव्हतं. मी टाकीतलं अर्धं पाणी बदलून दिलं, सासऱ्यांनी शिट्टी वाजवून मला दिशा दाखवली, आणि सासूबाईंना दिलेल्या वचनाप्रमाणे मी नवऱ्याला काहीही सांगितलं नाही.

रविवारी ताई आली. ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. तोंडानं फटकळ आहे, आईवर गेली आहे. नवऱ्यानं लेट्यूस कापून, धुऊन मोठ्या बाउलमध्ये आणलं. त्यानं वर लिंबू पिळलं होतं, मिरपूड घातली होती, तेल सोडलं होतं. तरी ते एखाद्या जुन्या वहीच्या पानांसारखं दिसत होतं.

"हे काय, आजारी आहे का?" ताईनं विचारलं.

"खाऊन बोल."

ताईनं एक पान तोंडात टाकलं. तिनं चावलं, थांबली, पुन्हा चावलं, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "अरे, तू लिफ्टच दुरुस्त कर बाबा. जीभ आखडली माझी."

मीही खाल्लं. कडू होतं, खारट होतं आणि ओल्या पुठ्ठ्यासारखं चिवट होतं. नवऱ्यानंही एक पान खाल्लं. त्यानं बाउल आईपुढे सरकवला, खाली मान घालून, जसा नापास झालेला मुलगा निकाल पुढे करतो.

सासूबाईंनी सगळ्यांत मोठं पान उचललं. नीट घडी घातली आणि तोंडात ठेवलं. बराच वेळ चावत राहिल्या. मला त्यांच्या मानेवरची शीर दिसत होती.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

"काय?" ताई म्हणाली.

"छान आहे. कुरकुरीत आहे."

"आई, तुला बरं आहे ना? ताप वगैरे?"

"जिभेला जरा कडू लागतं," सासूबाई म्हणाल्या, "पण कॉफीही कडूच असते. लोक पैसे देऊन पितात." आणि त्यांनी दुसरं पान घेतलं.

नवरा आईकडे बघतच राहिला. जिनं माझ्या वरिष्ठ बाईंना सोडलं नाही, ती त्याचं पिवळं लेट्यूस मागून घेत होती. "खरंच?" त्यानं विचारलं. कित्येक दिवसांत तो तिच्याशी थेट बोलला नव्हता. "म्हणजे खोली..."

"खोली लेट्यूसची. ठरलं होतं ना."

तेवढ्यात सासऱ्यांना राहवलं नाही. ते खुर्चीवरून उठलेच.

"म्हटलं होतं ना मी!" खरं तर ते कुणालाच काही म्हणाले नव्हते. "पाणी चांगलं तर सगळं चांगलं. रोज दुपारी बसतो मी आत. सात पूर्णांक चार, एक काटा इकडे नाही की तिकडे नाही. तुमच्या डोळ्यांतल्या पाण्याचा पीएच तेवढाच असतो, माहितीये? रोज सकाळी कुणीतरी बिघडवून जातो, त्याला एकदा पकडायचाय मला."

ताईनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. नवऱ्यानं वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे पाहिलं. मग त्यानं आईकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"आई," तो म्हणाला, "मी तुला उगीच..."

"खा आधी," सासूबाई म्हणाल्या. "लेट्यूस गार होतंय."

"पण आई, सोड्यामुळेच तर हे असं—"

"असं म्हणजे कसं?" सासूबाईंनी भुवया उंचावल्या. "मी छान म्हणाले ना?"

नवऱ्याचं तोंड उघडं राहिलं. पीक बिघडलं म्हणावं तर खोली हातची जाते. पीक चांगलं म्हणावं तर पाणी बाबांनी राखलंय. त्यानं तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि शेवटी त्यात एक पान घातलं.

"छान आहे," तो म्हणाला.

"बघ, आता कळलं," सासरे म्हणाले आणि बसले.

ताईनं हळूच माझ्या कानाशी विचारलं, "या घरात सगळे असे कधीपासून झाले?" मी म्हटलं, "तू घरी जाताना सांगते."

जेवण झाल्यावर नवऱ्यानं स्वतःहून ताटं उचलली. मशीनचं काय करायचं ते विचारलं, बोळातल्या भिंतीवर त्यासाठी फळी बसवून देतो म्हणाला, गुडघा लागणार नाही अशी. सासूबाईंनी फळीला हो म्हटलं आणि मग सहज, भांडी पुसता पुसता, म्हणाल्या, "त्या खोलीत अजून एक उभं कर की."

"काय उभं करू?"

"तुझं ते पाइपांचं. समोरच्या भिंतीला जागा आहे. एकात तू तुझं आंबट पाणी ठेव. दुसऱ्यात हे त्यांचं ठेवतील."

"दोन?" सासरे दारातून म्हणाले. "अगं, दोन्हींचं पाणी राखायचं म्हणजे माझी अख्खी दुपार जाईल."

"हो ना," सासूबाई म्हणाल्या. "पण आता सुरू केलंय तर करावं लागेल तुम्हाला."

सासरे जबाबदारीनं मान हलवत छोट्या खोलीकडे गेले. बाईंनी त्यांना दरवाजापासून दूर राहायला सांगितलं.

"आई, पण सोड्याच्या पाण्यात पुन्हा तसंच येणार," नवरा हळू आवाजात म्हणाला. "कडू. पिवळं. ते खायचं कुणी?"

सासूबाईंनी रेडिओ हातात घेतला, खुर्ची ओढली आणि तिच्यावर पाय ठेवले.

"खायला कोण सांगतंय तुला?"